पटवून देणारे बाळशास्त्री

आमच्या धामापुरात वडीलधाऱ्यांपुढे कारण सांगितले तरी ते उलट उत्तर ठरते. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. म्हणूनच देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर मला जवळचे वाटतात.

१८३२ साली त्यांनी मराठी-इंग्रजी ‘दर्पण’ काढले. १८३४ मध्ये ते एल्फिन्स्टनमध्ये शिकवू लागले. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. १८४३ मध्ये मिशनऱ्यांकडे राहिलेल्या श्रीपत शेषाद्रीला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, असे त्यांनी मांडले आणि सनातन्यांचा रोष पत्करला. १८४६ मध्ये ते निवर्तले.

विरोधक शास्त्र मानत, म्हणून बाळशास्त्रींनी शास्त्राचाच आधार घेतला. समोरच्याला मान्य असेल तेथून सुरुवात करावी, हा त्यांचा धडा. निबंध लिहिताना मी तोच गिरवते. घरीही तसेच बोलून पाहणार आहे. पुढे शिकायचे आहे ना!