विश्लेषण : एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेकच्या आराखड्याचे धागे हिंगणघाटपर्यंत कसे पोहोचतात? कोण होते विल्यम लॅम्बटन?

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकसाठी पैसे भरले की आयोजकांकडून सर्वांत आधी मोबाइलवर येतो तो दिवसवार तक्ता. लुक्ला २,८६० मीटर, नामचे ३,४४० मीटर, डिंगबोचे ४,४१० मीटर, बेस कॅम्प ५,३६४ मीटर. बहुतेक जण त्यातला मुक्काम, जेवण आणि खर्च पाहतात. मात्र सगळा ट्रेक ज्यावर बेतलेला असतो तो शेवटचा रकाना असतो उंचीचा. हा रकाना भरण्याचे काम दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी सुरू केले ते विल्यम लॅम्बटन नागपूरला यायला निघाले होते. ते पोहोचले नाहीत. वाटेत हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचे निधन झाले आणि तिथेच त्यांना दफन करण्यात आले.

उंचीच्या रकान्याला एवढे महत्त्व का?

नागपूरच्या झीरो माइलच्या दगडावर उंची लिहिलेली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,०२० फूट, म्हणजे ३११ मीटर. एवढ्या उंचीवर राहणारा माणूस विमानाने थेट लुक्लाला उतरतो, तेव्हा एका दिवसात अडीच किलोमीटर वर गेलेला असतो. हवेचा दाब कमी होतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही घटतो. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. तो दिला नाही तर आधी डोकेदुखी, मळमळ आणि पुढे फुप्फुसात किंवा मेंदूत सूज. त्यात जीव जाऊ शकतो.

म्हणून तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा नियम डॉक्टर सांगतात. नामचे आणि डिंगबोचेला जो जादा मुक्काम असतो तो यासाठीच. सुट्टी वाचवण्यासाठी अनेक जण तोच कापायला सांगतात! वाटाड्याला रस्ता पाठ असतो, पण हे गणित मांडायला आधी उंची माहीत असावी लागते.

शिपाई ते सर्वेक्षक

लॅम्बटन यांचा जन्म साधारण १७५३ चा, इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या नॉर्थअ‍ॅलर्टनजवळचा. घरची परिस्थिती बेताची, गणितात मात्र गती. सैन्यात भरती होऊन ते अमेरिकेत गेले. पुढची अनेक वर्षे कॅनडातल्या न्यू ब्रुन्सविकमध्ये बराकींची देखरेख करण्यात आणि वस्त्यांच्या सीमा मोजण्यात गेली. फावल्या वेळात त्यांनी गणित आणि भूमापनाची पुस्तके वाचून काढली. सूर्यग्रहण पाहताना डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या माणसाकडे चांगला डोळा एकच होता.

चाळिशी उलटल्यावर, दुसऱ्या कोणी निवृत्तीचा विचार केला असता त्या वयात, ते आपल्या पलटणीबरोबर भारतात आले. १७९९ च्या टिपू सुलतानविरुद्धच्या लढाईत रात्रीच्या कूचेत त्यांनी आकाशातले तारे पाहिले आणि आपली तुकडी चुकून थेट शत्रूच्या दिशेने चालल्याचे जनरल बेअर्ड यांच्या लक्षात आणून दिले. होकायंत्राने ते खरे ठरवले.

श्रीरंगपट्टण पडल्यावर लॅम्बटन यांनी दक्षिण भारत समुद्रापासून समुद्रापर्यंत त्रिकोणांच्या जाळ्याने मोजण्याचा प्रस्ताव दिला. मद्रास सरकारच्या हिशेबनिसांपैकी एकाने त्यावर घेतलेली हरकत प्रसिद्ध आहे. श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीच्या भोयांना सांगितले की ते पोहोचवतात, त्यासाठी एवढा खर्च कशाला, असा त्याचा सूर होता. आज वाटाड्या सोबत असताना नकाशा कशाला हवा, असे विचारणारे भेटतात, त्यातलाच हा प्रकार. खर्च अखेर मंजूर झाला. जाळे पूर्ण झाल्यावर द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांपेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी निघाली.

बारा किलोमीटर मोजायला ५७ दिवस

त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. ती बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची रेषा एकच, बाकी सगळे डोंगरमाथ्यावरून कोन घेऊन. पण पहिल्या रेषेत चूक झाली तर ती शेवटच्या त्रिकोणापर्यंत जाते.

ही रेषा मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ १० एप्रिल १८०२ पासून मोजली गेली. लांबी साडेसात मैल, सुमारे १२ किलोमीटर. शंभर फुटांची पोलादी साखळी चारशे वेळा मांडली गेली. उन्हाने साखळी लांबते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून, वर सावली धरून आणि थर्मामीटर वाचून मोजमाप झाले. ५७ दिवस लागले, दिवसाला जेमतेम दोनशे मीटर.

कोन मोजायचे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, लंडनच्या विल्यम केरी यांनी बनवले होते. वजन सुमारे अर्धा टन. भारतात येताना ते जहाज फ्रेंचांनी पकडले आणि यंत्र मॉरिशसला गेले. ते शास्त्राच्या कामाचे आहे हे कळल्यावर तिथल्या गव्हर्नरने पुढे पाठवून दिले.

डोंगर चढण्याचे नियोजन कसे होते?

लॅम्बटन यांना शिखर सर करायचे नव्हते. डोंगरमाथा हे त्यांचे कामाचे टेबल होते, आणि असे माथे शेकडो. दिसण्यासाठी दोन माथे एकमेकांच्या नजरेत हवेत, म्हणून निशाणवाले खलाशी आधी पुढे जात. ते वाट काढत, माथ्यावरची झाडे तोडत, झेंडा उभारत. मागून तंबू, शिधा आणि यंत्राचे सुटे भाग खांद्यावर घेऊन माणसे चढत. मद्रासच्या सर्वेक्षण शाळेतून घेतलेली किशोरवयीन मुले सहाय्यक म्हणून सोबत असत. त्यांच्यातले जोशुआ डी पेनिंग पुढे लॅम्बटन यांचा उजवा हात झाले. एखाद्या माथ्यावर धुके किंवा धूळ असेल तर सगळा तळ दिवसेंदिवस थांबे. आज पुढे जाणारे पोर्टर, मागून येणारा गट आणि हवामानासाठी राखून ठेवलेला दिवस ही रचना बरीचशी तशीच आहे.

डोंगर नसेल तिथे मंदिरे होती. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या मंदिरावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटला आणि यंत्र आपटले. कोन वाचायचे वर्तुळच वाकले. लॅम्बटन यांनी तंबूत बसून, जवळजवळ कोणालाही आत येऊ न देता, सहा आठवडे ते वर्तुळ ठोकून आणि ओढून पूर्ववत केले. पुढची कित्येक वर्षे तेच यंत्र कामात होते.

सगळ्यात अवघड निर्णय मात्र ऋतूचा. उन्हाळ्यात धुळीने आणि तापलेल्या हवेने लांबचा झेंडा दिसत नाही. पाऊस पडून गेला की हवा स्वच्छ होते आणि दूरचे माथे उठून दिसतात. लॅम्बटन यांनी म्हणून पावसाळा निवडला. मोजमापाच्या दृष्टीने निवड बरोबर होती, माणसांच्या दृष्टीने घातक. १८१९ मध्ये त्यांचा नवा सहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट कृष्णा आणि गोदावरीच्या दरम्यानच्या जंगलात उतरला. तापाने जवळपास सगळा तळ आडवा झाला, अनेक जण दगावले आणि एव्हरेस्ट यांना हवापालटासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पाठवावे लागले. हा ताप जंगलातल्या दूषित हवेने येतो, असे तेव्हा मानले जाई. मलेरियाचा डासांशी असलेला संबंध सिद्ध व्हायला १८९७ उजाडले. दगावलेल्या खलाशांपैकी बहुतेकांची नावे कुठेच ठळकपणे लिहिलेली नाहीत.

नागपूरच्या वाटेवर

१८१८ च्या सुरुवातीला या मोहिमेला भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले आणि ती थेट गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत आली. तोवर लॅम्बटन लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते. कन्याकुमारीजवळून ७८ अंश रेखांशाच्या आसपास निघालेली त्यांची मुख्य रेषा बिदरजवळ पोहोचली होती. जवळजवळ दहा अंश अक्षांश, म्हणजे सुमारे ११०० किलोमीटर.

आता काम उत्तरेला न्यायचे तर हैदराबादचा तळ लांब पडत होता. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात इंग्रजांचा जम बसला होता. त्यामुळे मुख्यालय नागपूरला हलवायचे ठरले. हैदराबादेत १८२२ मध्ये विल्यम हॅवेल यांनी काढलेल्या चित्रात लॅम्बटन थकलेले, विरळ केसांचे म्हातारे दिसतात. वय सत्तरीच्या घरात, खोकल्याने आणि छातीच्या दुखण्याने बेजार. तरी ते तळाबरोबर निघाले. तेव्हा हा काही आठवड्यांचा प्रवास होता. वणा नदीकाठच्या हिंगणघाटला तो संपला. नागपूर तिथून पुढच्या काही मुक्कामांवर होते.

उंचीच्या बाबतीत ट्रेकर्सना बजावले जाते की शरीराने नकार दिला तर तिथेच थांबा, खाली उतरा. लॅम्बटन यांना तसे सांगणारे त्यांच्या तळावर कोणी असेल असे वाटत नाही.

दक्षिणेतल्या रेषेचा हिमालयाशी काय संबंध?

सूत्रे एव्हरेस्ट यांच्याकडे आली. आजारपणात पालखीतून हिंडत त्यांनी रेषा वऱ्हाड ओलांडून मध्य भारतात सिरोंजपर्यंत नेली. नंतर त्यांनी ऋतूच बदलला. रात्री माथ्यांवर दिवे लावून कोरड्या, थंड महिन्यांत कोन मोजायची पद्धत त्यांनी बसवली. पावसाळ्यातल्या जंगलाची सक्ती त्यामुळे सुटली. १८४३ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा रेषा डेहराडूनजवळ, हिमालयाच्या पायथ्याशी होती.

नेपाळमध्ये सर्वेक्षकांना प्रवेश नव्हता. त्यामुळे १८४९-५० मध्ये एव्हरेस्ट यांचे उत्तराधिकारी अँड्र्यू वॉ यांच्या पथकांनी तराईतून, दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून, शिखर क्रमांक १५ चे कोन घेतले. लॅम्बटन यांचे काम इथे उपयोगी पडले. पृथ्वी गोल असल्याने १६० किलोमीटरवरून पाहताना शिखराचा सुमारे दोन किलोमीटर भाग वक्रतेमुळे खाली गेलेला असतो. तो हिशेबात धरायचा तर पृथ्वीचा नेमका आकार माहीत हवा. त्यासाठी एका अंशाची लांबी जमिनीवर मोजलेली असणे गरजेचे. लॅम्बटन आणि एव्हरेस्ट यांच्या रेषेने नेमके तेच दिले होते. राधानाथ सिकदार यांच्या गणितानंतर १८५६ मध्ये २९,००२ फूट हा आकडा जाहीर झाला. चीन आणि नेपाळने २०२० मध्ये उपग्रहांच्या मदतीने जाहीर केलेली उंची आहे ८,८४८.८६ मीटर. दोन्हींतला फरक जेमतेम नऊ मीटरांचा.

शिखराला १८६५ मध्ये एव्हरेस्ट यांचे नाव दिले गेले. झीरो माइलचा १९०७ चा दगडही याच सर्वेक्षणाचा. लॅम्बटन यांची कबर हिंगणघाटलाच आहे. हैदराबादकडून नागपूरला येणारा आजचा महामार्ग त्याच गावावरून जातो.