प्रश्न विचारणाऱ्या रमाबाई

आजचं वचन : प्रेषितांची कृत्ये १७:११

प्रियांनो, इथे भंडाऱ्यात तरुण मला विचारतात, पाळकांना प्रश्न विचारणं पाप आहे का? मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन त्यांची आध्यात्मिक आई. तरी त्रैक्य आणि चर्चचा अधिकार यांवर रमाबाई त्यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. पुरोहितांचं जोखड टाकल्यावर पाद्र्यांचं मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. पण ख्रिस्ताला सोडलं नाही, पत्रव्यवहारही तोडला नाही. पुढे त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. साध्या बायकांनाही ते स्वतः वाचता यावं म्हणून.

बिरुयाच्या लोकांनी पौलाचं ऐकलं, मग शास्त्र तपासलं. आपणही विचारू या, आदराने, शास्त्र उघडून. आमेन.