तुकोजीराव होळकर (द्वितीय) : दोन सत्तांच्या कात्रीत सापडलेला राजा

विद्यार्थी मित्रांनो, लालबाग राजवाड्याची ती भव्य लोखंडी फाटके तुम्ही सर्वांनी पाहिलीच असतील. या वाड्याचे बांधकाम १८८६ च्या सुमारास सुरू झाले आणि १९२१ मध्ये पुरे झाले. तेव्हा गादीवर तुकोजीराव तृतीय होते. नाव एकच असल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो; पण आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे ते त्यांचे आजोबा, तुकोजीराव द्वितीय. लालबागची पायाभरणी झाली त्याच वर्षी, १७ जून १८८६ रोजी, त्यांचे निधन झाले. इंदूरवर त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे राज्य केले. मात्र त्यांच्या आयुष्याला वळण लावले ते १८५७ च्या जुलै महिन्यातल्या चार दिवसांनी.

त्यांचा जन्म ३ मे १८३५ चा. १८४३-४४ मध्ये हरीराव होळकर आणि त्यांच्या पाठोपाठ खंडेराव होळकर निवर्तले, गादी रिकामी झाली आणि नऊ वर्षांच्या तुकोजीरावांना गादीवर बसविण्यात आले. कारभार मासाहेब कृष्णाबाई पाहू लागल्या. कृष्णपुऱ्याला ज्यांचे नाव आहे त्या याच. इंग्रज रेसिडेंट सर रॉबर्ट हॅमिल्टन यांचे या मुलावर विशेष लक्ष होते आणि त्याचे शिक्षणही त्यांच्या देखरेखीखाली झाले. १८४९ मध्ये मासाहेब वारल्या. १८५२ मध्ये, सतराव्या वर्षी, तुकोजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

पूर्ण अधिकार म्हणजे किती, हेही समजून घेतले पाहिजे. महिदपूरची लढाई हरल्यावर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि होळकरांचे परराज्यांशी स्वतंत्र संबंध संपले. तेव्हापासून इंदुरास दोन शेजारी आले. एक, शहरालगतची रेसिडेन्सी, म्हणजे कंपनी सरकारची मुलकी सत्ता. दुसरा, सुमारे वीस किलोमीटरवरील महूची छावणी (आजचे डॉ. आंबेडकर नगर), म्हणजे लष्करी सत्ता. रेसिडेन्सीतील साहेब कलकत्त्याला उत्तरे देई, छावणीतील साहेब आपल्या सेनापतीला. शांततेच्या काळात हे खपून जाई. संकट आले की हुकूम कुणाचा चालायचा, हा प्रश्न उभा राही.

असे संकट १८५७ मध्ये आले. हॅमिल्टन रजेवर गेले होते आणि एप्रिलपासून त्यांच्या जागी कर्नल हेन्री मॅरियन ड्यूरँड काम पाहत होते. हे मूळचे लष्करी इंजिनिअर. १८३९ मध्ये गझनीच्या किल्ल्याचा दरवाजा सुरुंगाने उडविणाऱ्यांत ते होते. माणूस शूर व प्रामाणिक, पण कडक. हॅमिल्टन यांनी या तरुण राजाचे फार लाड केले, असे त्यांचे मत होते. म्हणजे मुलकी खुर्चीवर लष्करी स्वभावाचा माणूस बसला होता.

मेरठ-दिल्लीच्या बातम्या आल्यावर ड्यूरँड यांचा सारा भरवसा मुंबईकडून निघालेल्या जनरल वुडबर्न यांच्या फौजेवर होता. ही फौज जूनमध्ये पुण्याहून निघाली होती आणि तिने लवकर महूस पोचावे अशी ड्यूरँड यांची निकड होती. पण वाटेत औरंगाबादेस हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात बंड झाले, तेव्हा वुडबर्न यांनी तेथे मुक्काम ठोकून बंडवाल्यांवर खटले चालविले. पुढे चला, असे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी सुचविले, ड्यूरँड यांनीही विनविले. जनरलसाहेब हलले नाहीत. मुलकी अधिकाऱ्याला राज्य वाचवायचे होते, लष्करी अधिकाऱ्याला आधी आपली फौज सावरायची होती. फौज येत नाही ही वार्ता इंदूरच्या बाजारात फुटली आणि तिचा परिणाम झाला, असे इतिहासकार मॅलेसन यांनी नोंदविले आहे.

१ जुलैच्या सकाळी रेसिडेन्सीवर तोफा सुरू झाल्या. या तोफा होळकरांच्याच होत्या. रेसिडेन्सीच्या रक्षणासाठीच महाराजांनी त्या दिल्या होत्या. उठावाचे पुढारी होते सआदत खान. कर्नल ट्रॅव्हर्स यांनी मोजक्या स्वारांनिशी हल्ला करून पाहिला, पण बाकीचे शिपाई त्यांच्यामागे गेले नाहीत. ड्यूरँड यांनी महूहून तोफखाना मागविला. कॅप्टन हंगरफर्ड तो घेऊन राऊपर्यंत आलेही. तेथे त्यांना ट्रॅव्हर्स यांची चिठ्ठी मिळाली : आम्ही रेसिडेन्सी सोडून सिहोरकडे निघालो आहोत. हंगरफर्ड परत फिरले. त्याच रात्री महूच्या पलटणी उठल्या आणि छावणीचे मुख्य कर्नल प्लॅट मारले गेले.

आता बावीस वर्षांचा राजा एकटा उरला. त्याचे स्वतःचे सैन्य त्याच्या हुकमात नव्हते. कंपनीचे प्रतिनिधी निघून गेले होते. काही युरोपीय व ख्रिस्ती माणसे जीव वाचविण्यासाठी राजवाड्यात आली होती. ४ जुलै रोजी महाराज घोड्यावर बसून थोड्याच लोकांनिशी थेट बंडवाल्या शिपायांच्या तळावर गेले. आश्रयाला आलेली माणसे आमच्या स्वाधीन करा, अशी शिपायांची मागणी होती. महाराजांनी ती साफ नाकारली. त्या दिवशी शिपाई रेसिडेन्सीचा खजिना घेऊन उत्तरेकडे निघाले. त्यानंतर महाराजांनी उरलेला खजिना आणि आश्रित माणसे महूला सुखरूप पोचती केली.

महूच्या किल्ल्यात आता सर्वांत वरचा अधिकार हंगरफर्ड यांचा होता. ते तोफखान्याचे एक कॅप्टन. राज्यकारभाराची बोलणी हे त्यांचे काम नव्हे. तरी त्यांनी होळकरांना पत्र लिहून त्यांचा मनोदय विचारला, दरबारची माणसे भेटली, खुलासे झाले आणि महाराज आपल्या बाजूचे आहेत अशी त्यांची खात्री पटली. तसे त्यांनी थेट मुंबईला लॉर्ड एल्फिन्स्टन यांना कळविले. म्हणजे राजकीय एजंटाचे काम महिनाभर एका लष्करी अधिकाऱ्याने केले. त्यामुळे माळव्यात पुष्कळ शांतता राहिली.

वुडबर्न आजारी पडल्यावर ती फौज कर्नल स्टुअर्ट यांच्या हाताखाली पुढे सरकली. तिच्याबरोबर २ ऑगस्टला ड्यूरँड महूस आले. आपल्या मागे एका कॅप्टनने राजकीय अधिकार वापरावेत, हे त्यांना मुळीच रुचले नाही. हंगरफर्ड यांना होळकरांविषयी वाटणारा विश्वास तर त्यांना त्याहून खटकला. १ जुलैला महाराज रेसिडेन्सीच्या मदतीला आले नाहीत, यातच दोष सिद्ध होतो, असे ड्यूरँड यांचे म्हणणे. आपलेच सैन्य उलटले असता आपण काय करू शकत होतो, असे महाराजांचे म्हणणे. डिसेंबरात होळकरांच्या फौजेची शस्त्रे काढून घेण्यात आली. त्याच महिन्यात हॅमिल्टन परत आले व त्यांनी महाराजांची बाजू उचलून धरली. पण ड्यूरँड यांचे मत कागदावर उमटले होते आणि पुढे तेच गृहस्थ हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव झाले. शिंद्यांना व भोपाळच्या बेगमसाहेबांना मुलूख बक्षीस मिळाला. होळकरांना मिळाला नाही. १८६१ मध्ये त्यांना किताब मिळाला, पण डाग पूर्ण धुतला गेला नाही. जॉन डिकिन्सन या इंग्रज गृहस्थाने त्यांच्या बाजूने लिहिले, तर ड्यूरँड यांच्या मुलाने वडिलांच्या बाजूने. हा मुलगा म्हणजे मॉर्टिमर ड्यूरँड. फुटबॉलच्या ड्यूरँड कपाला नाव आहे ते त्याचेच.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, तीही विसरून चालणार नाही. अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांना १८५८ मध्ये इंदुरात फाशी झाली. सआदत खान पुष्कळ वर्षे हाती लागले नाहीत, त्यांना १८७४ मध्ये फाशी देण्यात आली. आज आपण या दोघांनाही हुतात्मे मानतो. मग महाराजांनी त्यांची साथ द्यायला हवी होती का? घरी आई-वडिलांशी यावर अवश्य बोला. एवढे मात्र खरे की, आश्रयाला आलेल्याला त्यांनी सोडले नाही, मग समोर शिपाई असोत की साहेब.

नंतरची वर्षे महाराजांनी कुरकुरण्यात घालविली नाहीत. इंदुरात कापडाची गिरणी काढली. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी १८७० च्या सुमारास सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. नर्मदेवर पूल झाला, घाट चढून गाडी इंदुरात आली आणि शहराचा व्यापार वाढला. १८७३ मध्ये सर टी. माधवराव यांच्यासारखा नामांकित दिवाण त्यांनी आणला.

मुलकी आणि लष्करी अधिकाऱ्यांची ओढाताण पुढेही चालूच राहिली. १९०५ मध्ये लष्कराच्या कारभारावरून सेनापती किचनेर यांच्याशी भांडण होऊन खुद्द व्हाइसरॉय कर्झन यांना राजीनामा द्यावा लागला. मोठ्यांच्या अशा भांडणात भरडला जातो तो मध्ये सापडलेला. तुकोजीरावांच्या बाबतीत तर दोघा साहेबांनी एकाच माणसाविषयी दोन निरनिराळे अहवाल लिहिले आणि वरच्या खुर्चीवर पोचलेल्याचा अहवाल टिकला. म्हणून इतिहास वाचताना कागद कोणी लिहिला, त्या वेळी तो कोठे होता, हे पाहण्याची सवय लावून घ्या.

कृष्णपुऱ्याला खान नदीकाठी मासाहेबांच्या छत्रीशेजारीच तुकोजीरावांची छत्री आहे. पुढच्या वेळी तिकडून जाताना क्षणभर थांबून ती जरूर पाहा.