प्लेगची लस देणारे हाफकिन

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबांस ठाऊक आहे. परंतु हे हाफकिन कोण, हे थोड्यांसच माहीत असावे. वाल्डेमार हाफकिन हे वैद्य नव्हते. १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात जन्मलेले ते जीवशास्त्राचे अभ्यासक होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली, १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली व पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. घरांच्या झडत्या व रोग्यांची सक्तीची रवानगी यांमुळे लोक प्लेगइतकेच इस्पितळासही भीत. रोगी लपवून ठेवीत, शहर सोडून पळत. अशा वेळी हाफकिन येथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व व्हरांडा, एवढीच त्यांची प्रयोगशाळा! सुमारे तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली व आलेला ताप मुकाट्याने सोसला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेथे स्वखुषीने टोचून घेतलेल्या कैद्यांत मृत्यू पुष्कळच कमी झाले.

पण लोकांची भीती कशी जावी? तिसरे आगाखान तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या खोजा अनुयायांच्या देखत स्वतः टोचून घेतले, आणि मग हजारो खोजे पुढे झाले. मला या चरित्रातील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. २०२१ साली आमच्या आळीतील मंडळी करोनाच्या लशीस भीत होती. माझ्या वयोवृद्ध मावशीने प्रथम दंड पुढे केला, तेव्हा कोठे बाकीच्या रांगेत उभ्या राहिल्या.

१९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी एका बाटलीतील लशीने १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना पद सोडावे लागले. वस्तुतः त्याच दिवशी इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांस काहीच झाले नव्हते. पुढे अनेक शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी ते निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले. ते परत आले ते कलकत्त्यास. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले आणि १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते निवर्तले.