खराट्यावाले गाडगेबाबा आणि नवसाचा बोकड

महाड : आपल्या महाड-पोलादपूरच्या गावांत आजही राखणीला कोंबडा आणि नवसाला बोकड दिला जातो. ही चाल मोडा म्हणून गावोगाव फिरले ते संत गाडगेबाबा.

जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर, घर परटाचं. बाप दारूपायी गेला. पोर मामाकडे दापुऱ्याला गुरं राखून, नांगर धरून वाढलं. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, तेव्हा कर्ज काय करतं ते डेबूजीनं डोळ्यांनी बघितलं.

पुढे घरात मुलगी झाली. बारशाला मटण-दारूचं जेवण द्यायची रीत होती. यानं गोडाचं जेवण घातलं. भावकी रागावली, पण हा मागे हटला नाही.

१९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा, सोबत गाडगं. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. देवाच्या नावानं मुकं जनावर कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हेच सांगणं. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतः मात्र झोपडीत राहिले.

२० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. त्यांच्या नावाच्या अभियानात आपण गाव झाडतो, बक्षीसही घेतो. बाबांचा खराटा आपण उचलला, बोकडाचं सांगणं मात्र अजून तसंच पडून आहे.