साडेतेहतीस तास एकट्यानं: अटलांटिक ओलांडणारे लिंडबर्ग

चार्ल्स लिंडबर्ग यांचा जन्म १९०२ साली अमेरिकेत झाला. पोरवयात घरची शेती सांभाळली, पुढं विमानानं टपाल नेण्याची नोकरी धरली. न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडणाऱ्याला २५ हजार डॉलरचं बक्षीस होतं. त्यापायी सहा जणांचा जीव गेला होता. तरी २० मे १९२७ ला, वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी, ते एका इंजिनच्या विमानातून एकटेच निघाले. वजन वाचवायला रेडिओ आणि पॅराशूटही घेतलं नाही. आदल्या रात्रीची झोप नव्हती. डुलकी लागली असती तर खाली समुद्रच. सुमारे ५,८०० किलोमीटर कापून ३३ तास ३० मिनिटांनी ते पॅरिसला उतरले. १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं. आज तोच प्रवास सात-आठ तासांत होतो, तोही झोपून.