जिवाणूंचे वर्गीकरणकार फर्डिनांड कोन

ब्रेस्लाऊ हे त्या काळी प्रशियातील शहर होते. आज ते पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. तेथील एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी २४ जानेवारी १८२८ रोजी फर्डिनांड कोन यांचा जन्म झाला. मुलगा अत्यंत लहान वयात वाचू लागला. पुढे श्रवणदोष जडल्याने शाळेत तो काही काळ मागे पडला, तरीही वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याने ब्रेस्लाऊ विद्यापीठात पाऊल ठेवले. प्रवेश मिळाला, वनस्पतिशास्त्राचे अध्ययनही झाले. पदवी मात्र मिळेना. ज्यू विद्यार्थ्याला पदवीच्या परीक्षेस बसू देण्यास विद्यापीठ तयार नव्हते आणि अर्जविनंत्यांनी काही साधले नाही. शिकू द्यायचे, पण शिकल्याचा दाखला द्यायचा नाही, हा न्याय आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. कोन बर्लिनला गेले आणि १८४७ साली, एकोणिसाव्या वर्षी, तेथून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले.

बर्लिनमध्ये त्यांना एरेनबर्ग यांच्यासारखा सूक्ष्मजीवांचा अभ्यासक भेटला. वडिलांनी घेऊन दिलेल्या उत्तम सूक्ष्मदर्शकाने उरलेले काम केले. पुढे ते ज्या ब्रेस्लाऊने नाकारले होते तेथेच अध्यापक म्हणून परतले. १८६६ साली त्यांनी तेथे वनस्पती-शरीरक्रियाविज्ञानाची संस्था उभारली. पूर्ण प्राध्यापकपद मिळण्यास मात्र १८७२ साल उजाडले.

त्याच वर्षी त्यांचा जिवाणूंवरील मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याचे महत्त्व कळण्यासाठी आधीची अवस्था ध्यानात घ्यावी लागते. लिनिअस यांनी या अदृश्य जीवांची बोळवण कृमींच्या वर्गात, चक्क 'केऑस' म्हणजे गोंधळ या नावाखाली केली होती. कोन यांच्या काळीही नेगेली यांच्यासारखे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ जिवाणूंमध्ये निश्चित जाती असतात हे मान्य करीत नव्हते. एकच जिवाणू कधी गोल, कधी दांडीसारखा होतो, असे त्यांचे मत होते. कोन यांनी आकारानुसार जिवाणूंचे चार गट पाडले : गोल, आखूड दांडीसारखे, लांब दांडीसारखे व तंतुरूप, आणि सर्पिल. त्यांत मायक्रोकॉकस, बॅक्टेरियम, बॅसिलस, व्हिब्रिओ, स्पिरिलम आणि स्पायरोकीट अशा सहा प्रजाती बसविल्या. केवळ आकारावर विसंबणे पुरेसे नाही हेही त्यांना उमगले होते. दिसायला सारख्या गोल जिवाणूंपैकी काही रंग निर्माण करतात, काही किण्वन घडवितात, काही रोग आणतात. म्हणून त्यांनी जिवाणू काय करतो यालाही महत्त्व दिले.

आपल्या शास्त्रग्रंथांत यासाठी 'जाती' हा शब्द वापरतात. तो फळ्यावर लिहिताना माझा हात नेहमी क्षणभर थांबतो. जिवाणूंच्या जाती सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतात. माणसांच्या जातींना असा कोणताच पुरावा आजवर सापडलेला नाही.

पुढील प्रश्न उकळलेल्या गवताच्या काढ्याचा होता. काढा उकळूनही त्यात जिवाणू पुन्हा दिसत, आणि निर्जीवातून जीव उपजतो असे मानणाऱ्यांना त्यामुळे बळ मिळे. कोन यांनी दाखवून दिले की बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू बीजाणू तयार करतो आणि हे बीजाणू उकळण्यातूनही वाचतात. काढा थंड झाला की तेच रुजून नवे जिवाणू होतात.

हे संशोधन १८७६ साली प्रसिद्ध होत असतानाच व्होलश्टाइन या लहान गावातील एका अपरिचित डॉक्टरचे पत्र त्यांना आले. अँथ्रॅक्सच्या जिवाणूचे संपूर्ण जीवनचक्र आपण पाहिले आहे, असा त्याचा दावा होता. असे दावे करणारे पुष्कळ असत. तरीही कोन यांनी त्याला बोलावून घेतले. ३० एप्रिल रोजी तो तरुण ब्रेस्लाऊत पोहोचला, त्याने काही दिवस प्रयोग करून दाखविले, आणि कोन यांची खात्री पटली. त्याचा निबंध त्यांनी स्वतः चालविलेल्या नियतकालिकात त्याच वर्षी छापला. तो डॉक्टर म्हणजे रॉबर्ट कॉख. ना पद, ना प्रयोगशाळा, अशा माणसासाठी दार उघडणे ही कोन यांची कामगिरी मला त्यांच्या वर्गीकरणाइतकीच मोठी वाटते.

२५ जून १८९८ रोजी ब्रेस्लाऊतच त्यांचे निधन झाले. सहा प्रजातींच्या त्यांच्या मांडणीत पुढे पुष्कळ बदल झाले. बॅसिलस सबटिलिसचे नाव मात्र शास्त्रीय पद्धतीने पूर्ण लिहिताना त्यापुढे प्रथम नाव देणारे एरेनबर्ग, १८३५ आणि नंतर कोन, १८७२ असे आजही लिहिले जाते.